कानाचा हो, डोळ्यांचा नाही

मिलिंद, इकडं ये जरा. अजून जवळ. लांबून बोलायची मला सवय नाही, आणि आज जे बोलायचंय ते ओरडून सांगण्यासारखंही नाही. तुला काही वाटलं नाही का रे? भांडण अर्ध्यात टाकून कुणी जातं का? "उद्या बोलू अक्का, आता माझं डोकं फिरलंय," म्हणून फोन आपटलास, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला तो तुझ्या बायकोचा, उज्ज्वलाचा, तू गेलास म्हणून. मी तर चहा ठेवता ठेवता तुला द्यायची उत्तरं जुळवत होते. एकाहून एक झणझणीत. ती सगळी तशीच राहिली की. आता ती मी कुणाला ऐकवू, भिंतीला?

तुझ्या घरी आले तेव्हा शेजारची एक बाई उज्ज्वलाला हळूच विचारत होती, ह्या कोण म्हणून. उज्ज्वला म्हणाली, "ह्यांच्या भांडणाच्या अक्का." एवढ्या दुःखात ती बाई हसली आणि मग तोंडावर पदर धरला. मला मात्र बरं वाटलं. दुसरं काय सांगणार होती ती? तू नांदेडचा, मी अहमदपूरची. तू फोनवर "जयभीम अक्का" म्हणायचास, मी "शरणार्थ बाबा" म्हणायची, आणि तिसऱ्या वाक्याला आपली खणाखणी सुरू व्हायची. कशावरून, तर कंप्युटरवरून. माझ्या वयाच्या बायका सुनेवरून भांडतात.

आणि काम तरी कसं समजावून सांगावं त्या बाईला? की दृष्टी नसलेल्या माणसाला कंप्युटरचा पडदा वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते फुकट असतं आणि खुलं असतं, म्हणजे त्याच्या पोटात काय आहे ते कुणीही उघडून बघावं. त्याला ठिकठिकाणची माणसं आपापल्या गरजेचे बारके बारके जोड करून लावतात. एखाद्याला तिकिटाच्या पानावर अडायला होतं, तो त्याच्यापुरता जोड करतो. दुसरा मराठी आकडे नीट वाचणारा करतो. करतो आणि वाटतो. मराठी माणसांच्या कामाचे असले जोड आपल्याकडं यायचे, आपण दोघं तपासायचो आणि आपल्या डिरेक्टरीत, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल अशा यादीत, लावायचो. पगार नाही, कुणाचा हुकूम नाही. लोकांनी पाठवायचं, आपण बघायचं, लोकांनी न्यायचं. इतकंच ते.

बघायची रीत मात्र आपली होती. तू कानानं तपासायचास, मी डोळ्यांनी. कोड तुलाही वाचता यायचा, माझ्यापेक्षा चांगला यायचा; पण आपण ठरवलं होतं की जोड लावून दिवसभर त्याच्यावर काम करून बघायचं ते तू, आणि त्याच्या पोटातली ओळन् ओळ उलगडायची ती मी. दोघांचा हो आला तरच डिरेक्टरीत. एकाचा हो आणि एकाचा नाही असेल तर थांबायचं. आणि दिलेला हो ज्याचा त्यानंच परत घ्यायचा, दुसऱ्यानं खोडायचा नाही. हा शेवटचा नियम तुझा. तेव्हा मी म्हणाले होते, "कशाला रे इतकं कोर्ट?" तर म्हणालास, "अक्का, आंधळ्याच्या वतीनं हो म्हणायची लोकांना लई सवय हाय. माझा हो माझाच राहू द्या." दिव्यांग वगैरे शब्द तुला चालायचा नाही. "दिव्य काही न्हाई माझ्यात, उज्ज्वलाला विचारा."

तुझी आणि माझी गाठ पडली तीही एका बटणावरून. मी तेव्हा टायपिंगचा क्लास चालवत होते बसस्टँडच्या मागं. यंत्रं गेली, कंप्युटर आले, मीही कुणाला न विचारता, बिघडवत बिघडवत शिकले. एक दिवस तुझा फोन. "बाई, जुन्या मराठी कीबोर्डात 'क्ष' कुठल्या बटणावर हाय? आणि अर्धा 'श'?" मला वाटलं परीक्षेचा उमेदवार आहे. मी हवेत बोटं नाचवत सगळा कीबोर्ड तोंडपाठ म्हणून दाखवला. तू म्हणालास, "थांबा थांबा, पुन्हा म्हणा, मी रेकॉर्ड करून राहिलोय."

त्यातूनच तो जोड झाला, ज्याच्यावरून आपलं बिनसलं. आपल्याकडची जुनी मराठी कागदपत्रं, कॉलेजांच्या नोट्स, कचेऱ्यांची परिपत्रकं, सगळी जुन्या फाँटात टाइप केलेली. डोळ्यांना ती मराठी दिसते. पण कंप्युटरच्या लेखी ती नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास असते. तुझं पडदा वाचणारं सॉफ्टवेअर ते वाचायला लागलं की "डॉलर, कंस, स्वल्पविराम" असं बडबडायचं. विष्णुपुरीकडच्या एका सरांनी तुझा कान आणि माझी बोटं घेऊन एक जोड केला, आणि त्या राशीतून मराठी ऐकू यायला लागली. पहिलं परिपत्रक तू मला फोनवर ऐकवलंस. रजेच्या नियमांचं होतं, कोरडं ठक्क. तू मात्र ते दोनदा लावलंस. "इतकी वर्षं हे असलं रटाळ मला सोडून सगळ्यांना वाचता येत होतं होय?" म्हणालास. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर रडले. ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

मग ते सर परदेशी गेले आणि पत्रांना उत्तरं द्यायचे बंद झाले. मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि जोड मोडला. तुझा फोन, त्याचा फोन, हिचा फोन. बारावीच्या, कॉलेजच्या परीक्षा तोंडावर आणि नोट्स पुन्हा "डॉलर, कंस". तेवढ्यात कुणा अनोळखी माणसानं दुरुस्त केलेला जोड आपल्याकडं पाठवला. नाव धड नाही, गाव नाही. चालत होता झकास. जुन्यापेक्षा जोडाक्षरं स्वच्छ. तू दिवसभर वापरलास आणि संध्याकाळी हो नोंदवून मोकळा झालास.

मी त्याचं पोट उघडलं. सगळं नीट होतं. फक्त एका कोपऱ्यात एक बंद फाईल होती, उघडून वाचता न येणारी, आणि ती मधूनमधून बाहेर कुठंतरी काहीतरी पाठवत होती.

ती आपली शेवटची चर्चा, मिलिंद, मला शब्दन् शब्द आठवते. तूही विसरला नसशील.

"किती जण वापरतात ते मोजत असंल अक्का. लोक करतात तसं."

"मग झाकून कशाला मोजायचं? आणि हे तुमचं सॉफ्टवेअर माणूस टाइप करतो ते सगळं ऐकतं. बँकेचं, घरचं, सगळं."

"मला शिकवू नका. मी तेच वापरून जगतो."

"आपल्या प्रत्येक नोंदीत दोन रकाने असतात. काय करतं आणि काय बिघडवतं. ह्या दुसऱ्यात मी काय लिहू, तूच सांग."

"लिहा, माहीत न्हाई."

"'माहीत नाही' लिहून आपण कधी काही लावलंय का रे?"

मला वाटलं, जिंकले. आणि मग तू ते बोललास, एकदम शांत आवाजात. "अक्का, तुम्हाला डोळे हायेत म्हणून तुम्हाला थांबता येतंय."

मी जे बोलले तेही खरंच होतं. "तुला घाई आहे म्हणून तू बघत नाहीस." 'बघत नाहीस' म्हणाले मी तुला. तेवढ्यावर तुझं डोकं फिरलं आणि उद्याचा वायदा झाला.

आता मला सांग, कोण चुकलं? मला अजून ठरवता येत नाही. तुझं बोलणं आठवलं की माझी बाजू पातळ होते. पोरं परीक्षेला बसणार, बाकीच्यांच्या हातात नोट्स, ह्यांच्या कानात डॉलर आणि कंस. ते थांबणं माझ्या खर्चानं नव्हतं, त्यांच्या खर्चानं होतं. हे तू बरोबर धरलंस. पण ती बंद फाईल आठवली की माझा हात पुढं होत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद टाइप केले मी, सोडचिठ्ठ्या, वाटण्या, बदलीचे अर्ज. एक शब्द कधी बाहेर गेला नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या बोटांखालचं कुणीतरी कुठंतरी नेत असेल, नेत नसेलही, आणि मी त्याच्यावर हो लिहू?

तुझ्या घरी जी माणसं आली होती त्यांच्यात तुझा रफीक होता, हिमायतनगरचा, तुझ्यासारखाच दृष्टी नसलेला, तसल्याच पोरांना पेटी शिकवणारा. काठी कोपऱ्यात उभी केली, उज्ज्वलाशी दोन शब्द बोलला, आणि माझा आवाज ओळखून नेमका माझ्या शेजारी येऊन बसला.

"अक्का, भाऊंनी हो म्हणलं होतं ना?"

"म्हणला होता."

"मग तुमचंच अडलंय."

"रफीक, ही वेळ आहे का?"

"पोरांची वेळ कुणाला इचारून आली का? माझ्याकडची चौघं परीक्षेला हायेत. रोज इचारतात, सर, जोड कधी येणार. मी काय सांगू, एक म्हातारी अडून बसलीय म्हणून?"

मी भाषण करणारी बाई नाही, पण तोंडाळ आहे हे तुला ठाऊकच आहे. तरी त्या दिवशी मी त्याच्या हातात नुसता पाण्याचा पेला दिला. तू असतास तर म्हणाला असतास, "रफ्या, म्हातारी म्हणू नको, टायपिंगचा स्पीड काढंल तुझ्यासमोर." तू नव्हतास. तुझ्याच बाजूनं मला हाणत होते सगळे, आणि मला वाचवायला तेवढा तूच हवा होतास.

माणसं पांगल्यावर उज्ज्वला मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तुझा कंप्युटर सुरू केला तिनं. आणि तो बोलायला लागला रे. तू लावून ठेवला होतास त्या वेगानं, भरधाव, लाह्या भाजताना तडतडाव्यात तसा. तू तो वेग आरामात ऐकायचास आणि वर माझ्याशी भांडायचास. आम्हा दोघींना एक अक्षर कळेना. मी म्हणाले, "वेग कमी करून देऊ का?" तर तिनं माझा हात धरला. "नको अक्का. असू द्या तसाच. ह्यांच्याशी तो असाच बोलायचा."

दोघी नुसत्या ऐकत उभ्या राहिलो. काही न कळता.

मग तिनं विचारलं. सरळ, मान वर करून. "अक्का, तो जोड ह्यांनी ह्याच्यात घातलेला हाय. आमच्या बँकेचं सगळं ह्याच्यावरच होतं. काढू का ठेवू?"

मिलिंद, तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीजवळ उभं राहून, तुझ्या बायकोला तुझ्याविरुद्ध मी काय सांगायचं होतं? काढ म्हणावं तर तुझा हो मीच तुझ्या घरातून उपटल्यासारखं. ठेव म्हणावं तर... तिच्याशी खोटं बोलावं लागलं असतं. मी म्हणाले, "उज्ज्वला, त्यात वाईट आहे का ते मला खरंच माहीत नाही. मिलिंदला वाटत होतं, काही नाही. पण माझ्या लेकीच्या घरात असता तर मी काढायला लावला असता, आणि बँकेचा पासवर्डही बदलायला लावला असता."

तिनं काढला. मी दाखवलं तसं, एकेक बटण दाबून. कंप्युटर तडतडत काहीतरी म्हणाला, आम्हाला कळलं नाही. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "माझ्या घरातला काढायला लावलात. मग बाकीच्यांना का सांगत न्हाईत?"

बघ, ही तुझी बायको. तू म्हणायचास, हिला कंप्युटरचं काही कळत नाही.

तिचं बरोबर होतं. मी डिरेक्टरीचं दार तेवढं अडवून बसले होते. तो जोड लोकांनी त्या अनोळखी माणसाकडून परस्पर उतरवून घेतलाच होता, आणि मी हो म्हणत नव्हते तशी नाहीही म्हणत नव्हते. तुझ्याशी उद्या बोलायचं राहिलंय, ह्या सबबीवर बसून होते.

अहमदपूरला परत आल्यावर आधी त्या माणसाला लिहिलं. बंद फाईल उघडी करा, बाहेर काय जातं ते सांगा, तुमचा जोड आम्ही आनंदानं लावतो. त्यानं एका ओळीत उत्तर दिलं की फक्त वापर मोजायला आहे. मी लिहिलं, मग उघडी करायला काय हरकत? त्यानंतर तो गप्पच. गप्प बसणं म्हणजे चोरी नव्हे, हे तू म्हणाला असतास, आणि तेही खरं. कदाचित कामात असेल, कदाचित माझा राग आला असेल. ते कधीच कळणार नाही बहुतेक.

मग मी नोंद लिहिली. काय करतं: जुन्या फाँटातली मराठी वाचून दाखवतं, चांगलं वाचतं. काय बिघडवतं: आत एक बंद फाईल आहे, ती बाहेर काहीतरी पाठवते, काय ते करणाऱ्यानं सांगितलेलं नाही. मिलिंदचा हो. अक्काचा नाही. म्हणून लावलेला नाही. ज्यांनी घेतलाय त्यांनी विचार करावा, निदान बँकेचं काम त्यावर करू नये.

लिहिताना तुझ्या नावाशी हात अडखळला. दोघांतिघांनी सुचवलं की त्यांचं नाव नका घालू, माणूस गेलाय, चांगलं दिसत नाही. मी ऐकलं नाही. तू हो म्हणाला होतास. मेला म्हणून तुला माझ्या मताचा करून टाकू?

रफीकचा फोन लगेच. नमस्कार नाही, सलाम नाही. "भाऊच्या हो वर माती टाकलीत तुम्ही."

"टाकली नाही. शेजारी माझा नाही लिहिला."

"पोरांचं काय?"

"पाठव नोट्स. मी टाइप करून देते नव्या फाँटात, तो सॉफ्टवेअरला वाचता येतो."

"किती जणांच्या देणार? आणि कुठवर?"

तूही हाच प्रश्न विचारला असतास, ह्याच सुरात. तरी त्यानं पाठवल्या, आणि मी बसले. बोटं आता दुखतात, पण अर्धा 'श' अजून चुकत नाही. इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या नोट्स झाल्यात. बाकीच्या पोरांना कळवलं की सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असेल तर ती काढू नका, त्यावर जुना जोड चालतो. तात्पुरतं आहे सगळं. ठिगळं नुसती.

आणि एकीकडं विष्णुपुरीच्या सरांचा जुना, उघडा जोड मी मांडीवर घेतलाय. खुलं म्हणजे हेच ना रे, की करणारा निघून गेला तरी मागच्यांना हात घालता येतो? हे वाक्य तुझंच, पहिल्या वर्षी मला शिकवताना म्हणालेलास. तेव्हा माझ्याकडून स्क्रीन बंद करून घेतली होतीस आणि म्हणालास, "आता एक पत्र लिहून दाखवा." ज्या कंप्युटरवर मी पोट भरलं त्याच्यावर मला माझीच फाईल सापडेना. घामाघूम झाले. तू तिकडं हसून हसून बेजार. मग लाईट गेली आमच्याकडची, तर म्हणालास, "बघा, आता आपल्या दोघांत जास्त डोळस माणूस मीच." त्या दिवसानंतर मी कुठलाही जोड नुसत्या माझ्या डोळ्यांच्या भरवशावर लावला नाही. हे ऋण आहे तुझं. फेडायची भाषा करत नाही, तू चिडशील.

तर तो जुना जोड नव्या आवृत्तीवर उभा राहिला एकदाचा. मी माझा हो नोंदवला आणि कानासाठी कुणाला विचारू म्हणून घाबरत घाबरत रफीकला पाठवला. "मी भाऊच्या जागेवर बसणार न्हाई," असं आधीच बजावून त्यानं घेतला. दिवसभर काही आवाज नाही. मी दोनदा फोन उचलून खाली ठेवला. संध्याकाळी त्याचा आला.

"अक्का, न्हाई."

"काय नाही?"

"जोडाक्षरं सगळी फुटून राहिलीत. 'राष्ट्र' म्हणताना नरडं दाबल्यासारखं बोलतंय. हे पोरांना देणार? माझा न्हाई लिहा."

मी त्याचा नाही लिहिला, त्याच्या नावानं. रागानं बोलत होता, पण 'राष्ट्र'वर कुठं अडतं, 'क्षेत्र'वर कुठं, सगळं अर्धा तास सांगत राहिला, आणि मी लिहून घेत राहिले. मधे एकदा म्हणाला, "भाऊ असते तर तुम्हाला लई बोलले असते." मी म्हणाले, "तू काही कमी बोलत नाहीस." तर हसला. पहिल्यांदाच. पोरांना अजून काही मिळालेलं नाही, मिलिंद. पेपर जवळ आलेत, आणि मी 'राष्ट्र' दुरुस्त करून राहिलेय.

त्या अनोळखी माणसाच्या जोडाबद्दल अजून दोघं-तिघं लिहून विचारतात, एकाचा हो आणि एकाचा नाही, हे असं किती दिवस राहणार? मी सांगते, नियम आहे. माझा नाही मी परत घेणार नाही. तुझा हो मला खोडता येत नाही, आणि आला असता तरी खोडला नसता. तो तसाच राहणार, तू सांगेपर्यंत. तुझ्याकडं अजून काही मुद्दे शिल्लक असतील, मला ठाऊक आहे. माझ्याकडंही आहेत, जुळवून ठेवलेत. उद्या बोलू म्हणाला होतास ना? मग ये की रे बाबा. चहा टाकते, दार पुढं केलेलं आहे, कडी लावलेली नाही. भांडायलाच ये. पण लवकर ये.